खमीस मुशैतची सव्वीस माणसं

खमीस मुशैत
१२ जानेवारी २०२५

उन्मेष,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहून शाई घालवत नाही.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून नाही केला. आईच्या तेराव्याला भांडलो तेवढं पुरे. तिचाच नियम बरा होता. आपली जुंपली की ती दोघांच्या हातात एकेक कागद द्यायची आणि म्हणायची, "तोंड बंद. काय ते लिहा. आणि दोन रात्री उलटल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही." एका घरात राहून आपण एकमेकांना पत्रं लिहायचो आणि अख्खी आळी हसायची. तर ड्यूटीच्या जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितेय, फोटो काढून पाठवते. अक्षर लागलं नाही तर चष्मा बदल.

विषय शिवांगीचा. परवा तिकडे अमेरिकेत तिच्या कोचने पोहणाऱ्या सगळ्या पोरींना बोलावून सांगितलं, की त्यांचं विलो फोर्क कॉलेज जुनी कॉन्फरन्स सोडून नव्या कॉन्फरन्समध्ये जातंय. मला मेलीला कॉन्फरन्स म्हणजे डॉक्टरांची ठाऊक, ज्यात शेवटी जेवण असतं ती. शिवांगी म्हणते, टीव्हीवाल्यांमुळे हे सगळं चाललंय आणि नव्या ठिकाणी काही खेळ बंदही होतील. कुठले, ते कोणी बोलत नाही. पोरगी घाबरली आहे, पण मला दाखवत नाही. "आय ॲम फाइन, मॉम" असं दिवसातून चारदा सांगते, त्यावरूनच कळलं.

तिचं शिकणं, राहणं, जेवणं सगळं त्या पोहण्यावर चाललंय हे तुला माहीत आहे. तेही एक वेळ सोड. सदानंदने आपल्या या पोरीला धाहरानच्या कॅम्पमधल्या तलावात पोहायला शिकवलं. कंपनीतल्या मित्राच्या पासवर, दर शुक्रवारी. ती चार वर्षांची होती. तो गेल्याला सहा वर्षं झाली. ती पाण्यात उताणी पडून हात मारायला लागली की मला तो काठावर उभा दिसतो. ते बंद पडलं तर माझ्याकडे त्याचं काय उरतं?

तू रियाधमध्ये याच धंद्यात आहेस. दिवाळीत तुझी रेखा सांगत होती, सामन्यांच्या प्रक्षेपणाचे भाव तूच काढतोस म्हणून. तर मला सांग, तिने तिथेच राहावं की दुसरं कॉलेज बघावं? बदलीसाठी नाव नोंदवायला तीस एप्रिलपर्यंत मुदत आहे.

ओमला पापा.

ताई

* * *

रियाध
१९ जानेवारी २०२५

ती. ताई,

नमस्कार. पत्र ओमने आधी बघितलं आणि म्हणाला, "आत्याज लेटर लुक्स लाइक अ प्रिस्क्रिप्शन." मग मी चष्मा बदलला.

कॉन्फरन्स म्हणजे आपली पंचक्रोशी समज. आपल्याकडे दहा-बारा गावांच्या कबड्डीच्या स्पर्धा असायच्या ना, वर्षानुवर्षं तीच गावं, तेच भांडखोर पंच? तिकडे कॉलेजांचं तसंच. शंभर-शंभर वर्षं शेजारीपाजारी खेळत आले. मग टीव्हीवाले आले आणि अख्ख्या पंचक्रोशीचे सामने एकगठ्ठा विकत घ्यायला लागले. ज्या गावाचा सामना जास्त लोक बघतात, त्याला वाटलं की आपण या फाटक्या गावांत कशाला? ते उठलं आणि हजार मैलांवरच्या श्रीमंत गावांत जाऊन बसलं. एक उठलं की दुसरं उठतं. अशी सगळी पंचक्रोशी विस्कटते.

हे सगळं त्यांच्या फुटबॉलसाठी, तो लांबट चेंडूचा. पोहणारी पोरं बिचारी फरफटत मागून जातात. पोहणं बघतं कोण? पोरींचे आईबाप, आणि तेही मोबाइलवर. एखाद्या स्पर्धेला दीडशे-दोनशे माणसं.

आमची कंपनी अशाच एका नव्या कॉन्फरन्सच्या हक्कांत पैसे घालायचा विचार करतेय. कोण, किती वेळ, कुठून बघतं याचे तक्ते मी करतो. कुठली कॉलेजं ते विचारू नकोस, सही करून दिलेली आहे. एवढंच सांगतो, की तक्त्यात जो दिसतो तोच प्रेक्षक. ज्या खेळाला बघणारे दिसतात, त्याच्यावर हात टाकायला माणूस दोनदा विचार करतो.

घाई करू नकोस. एप्रिल लांब आहे.

तुझा
उन्मेष

* * *

खमीस मुशैत
३ फेब्रुवारी २०२५

उन्मेष,

शाबास रे माझ्या भावा! सरळ सांगता येत नाही म्हणून आडून सांगितलंस, आणि मला बरोबर कळलं. बघणारे दिसले पाहिजेत, एवढंच ना? दाखवले!

शनिवारी तिच्या स्पर्धा तिकडे सकाळी अकराला, म्हणजे इथे संध्याकाळी आठला. बघायला पैसे पडत नाहीत, नुसतं उघडायचं. आमच्या स्टाफ बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये मी दवंडीच पिटली. पहिल्या शनिवारी एकोणीस जणं आली, परवा सव्वीस. लेबर रूमची अफनान आली, ती हैदराबादची, तिच्याबरोबर तिच्या तिघी मैत्रिणी. ॲम्ब्युलन्सवाला शारीक आला. आपल्या नगरकडचा केरू, किचनमधला, तो सव्वीस माणसांची भजी घेऊन आला. फिलिपिनो सिस्टर पाचजणी. आणि माझ्या डायलिसिसचे म्हातारे पेशंट, अबू अदनान, ते तीन नंबरच्या खुर्चीवर मशीन लावलेल्या हाताने फोन धरून बघत होते. त्यांची पाळी शनिवारची संध्याकाळची. दर वेळी विचारतात, "कैफ अल-बिंत?" मी म्हणते, पोरगी मजेत आहे.

हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे. पण मी म्हटलं, टीव्हीवर बघितलं तर एकच माणूस मोजला जाईल. प्रत्येकाने आपापल्या फोनवर उघडायचं. मी "यल्ला" म्हटलं की सगळ्यांनी एकदम! तिची दोनशे यार्डांची शर्यत संपली की बंद, म्हणजे कोणाचा वेळ जात नाही. आहे की नाही डोकं? वायफाय बिल्डिंगचं, त्यामुळे कोणाला खर्चही नाही.

ती तिसरी आली. पण भिंतीला हात लावून वर बघितलं तेव्हा आमच्या इथे असा आरडाओरडा झाला, की वरच्या मजल्यावरून नाइटच्या सिस्टर झोपमोड झाली म्हणून भांडायला आल्या. त्याही बसल्या बघत.

शिवांगीला यातलं काही सांगितलेलं नाही. उगीच दडपण नको.

ताई

* * *

रियाध
६ फेब्रुवारी २०२५

ती. ताई,

नमस्कार. छान केलंस. पण सगळ्यांनी फोन कशाला उघडायचे? टीव्हीवर एकत्र बघा की. जास्त मजा येईल.

कामाचा फार ताण आहे, दहा तारखेला एक मोठा रिपोर्ट जायचाय. म्हणून एवढंच.

उन्मेष

* * *

खमीस मुशैत
१६ एप्रिल २०२५

उन्मेष,

दोन महिने झाले, तुझं एक पत्र नाही. रमजान गेला, ईद झाली, तुझा आवाज नाही. आईने दोन रात्री सांगितल्या होत्या, साठ नाही.

टीव्हीवर बघा म्हणालास, ते काही मी ऐकलं नाही. तू पहिल्यापासून कद्रूच, दुसऱ्याचं वायफाय जळालं तरी तुला दुखतं. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत बघितलं. मोठ्या स्पर्धेत ती चौथी आली, आजवरची सगळ्यांत चांगली वेळ. अबू अदनाननी वॉर्डभर खजूर वाटले.

आता कामाचं. ओहायोच्या एका कॉलेजात तिच्यासाठी जागा होऊ शकते असं तिच्या कोचनेच सुचवलंय. मात्र तीस तारखेच्या आत नाव नोंदवायला हवं. नाव नोंदवलं की इथली जागा गेली समज, मागे फिरता येणार नाही. शिवांगीच्या मनात जायचं नाही. तीन वर्षांच्या मैत्रिणी, तोच तलाव. पण ती म्हणाली, "उन्मेषमामा नोज नंबर्स. ही सेज गो, आय विल गो."

तर मला सगळं समजावून सांगू नकोस. तुझी सही बिही असेल ती असू दे. मला एक शब्द लिही, "जा" किंवा "राहा". का, ते मी जन्मात विचारणार नाही. दोन रात्री धरून एकोणीस तारखेला वाट बघते.

ताई

* * *

रियाध
४ मे २०२५

ती. ताई,

नमस्कार. उशीर झाला, रागावू नकोस. मध्ये जेद्दाहला होतो, मग ओमला ताप होता, मग ऑफिसात ऑडिट. तुझं पत्र डोळ्यांसमोर होतं पण बसायला होत नव्हतं.

मुदत गेली म्हणजे ती राहिली असणार. एका अर्थी बरंच झालं. माझ्या कानावर आहे की विलो फोर्कची नव्या कॉन्फरन्समधली जागा पक्की आहे. कॉलेज कुठे जात नाही. काळजी करू नकोस.

रेखा तुझी आठवण काढते.

उन्मेष

* * *

खमीस मुशैत
२४ मे २०२५

उन्मेष,

संपलं रे.

काल कॉलेजने मुलींचं पोहणं बंद केलं. टेनिस आणि पोहणं, दोन्ही. पोरींना झूमवर बोलावलं आणि नऊ मिनिटांत सांगून मोकळे झाले. तू म्हणालास ते खरं ठरलं, कॉलेज पक्कं आहे. फक्त माझी पोरगी त्यात नाही. पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती कागदावर राहील म्हणतात, पण पाणी नाही, कोच नाही, स्पर्धा नाही. ओहायोची जागा भरली. मी स्वतः फोन केला तिथल्या कोचबाईला. ती चांगलं बोलली, पण नाहीच म्हणाली.

शिवांगी रडली नाही. मला म्हणाली, "इट्स ओके मॉम, नोबडी वॉचेस स्विमिंग एनीवे." एवढं म्हणून कॅमेरा बंद केला.

तुला दोष देत नाही. तू तर आधीच सांगितलं होतंस. दोष असेल तर माझा आहे. आम्ही कमी पडलो. फेब्रुवारीतले दोन शनिवार माझी ड्यूटी लागली आणि मी नाही म्हटल्यावर हॉलमध्ये नऊच जणं जमली. मी ड्यूटी बदलून घ्यायला हवी होती. घेतली असती कोणीही. मी मागितलीच नाही, म्हटलं सारखं काय लोकांच्या गळ्यात पडायचं. ते दोन शनिवार सव्वीस माणसं दिसली असती तर कदाचित त्यांनी दोनदा विचार केला असता. काल रात्रभर हेच डोक्यात फिरत होतं. डायलिसिसच्या सुया टोचणं आज जमलं नसतं, म्हणून मी रजा घेतली.

अबू अदनाननी आजही विचारलं असेल. 

सदानंदच्या फोटोकडे बघवत नाही.

ताई

* * *

रियाध
२७ मे २०२५

ताई,

दोन नाही, तीन रात्री झाल्या. आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

तू कमी पडली नाहीस. ड्यूटीचा विचार डोक्यातून काढ. हे तुला कळायलाच हवं, मग माझं काहीही होवो.

विलो फोर्क माझ्याच यादीत होतं. नोव्हेंबरमध्ये काम हातात आलं तेव्हा कॉलेजांना नावं नव्हती, नुसते आकडे होते. एक फॉर्म होता, "या कॉलेजांशी माझ्या घरातल्या कोणाचा संबंध नाही." मी न वाचता सही केली. डिसेंबरमध्ये कळलं की अकरा नंबर म्हणजे विलो फोर्क. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी म्हटलं, भाची म्हणजे काही घरातलं माणूस नव्हे, कागदावर तरी नव्हे. हे वाक्य मी मनात खरंच म्हटलं, ताई.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला बघणाऱ्यांचा तक्ता आला. मुलींच्या पोहण्याला दोनशे बारा माणसं. त्यात एक ओळ होती, सौदी अरेबिया, खमीस मुशैत. एका जागेवरून, एकाच मिनिटाला उघडलेले एकोणीस फोन, आणि एक शर्यत संपताच एकदम बंद. पुढच्या शनिवारी पंचवीस, आणि शेजारच्या पत्त्यावरून एक. अशी ओळ दिसली की आमच्यात एकच अर्थ काढतात, कोणीतरी आकडे फुगवतंय. मी ती ओळ खोडली. शेजारी लिहिलं, "बनावट प्रेक्षक. या खेळाचे सगळेच आकडे संशयास्पद." खमीस मुशैत वाचूनही मला तू आठवली नाहीस. सकाळी अकरा वाजता, चहा पीत मी ते केलं.

दुसऱ्याच दिवशी तुझं पत्र आलं. भजी, यल्ला, अबू अदनान. मी ते ऑफिसात वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसलो.

रिपोर्ट जायला अजून पाच-सात दिवस होते. एक ओळ परत लिहायची होती, "ही खरी माणसं आहेत." पण कशावरून, असं विचारलं असतं. माझी बहीण आहे, असं सांगावं लागलं असतं. मग तो फॉर्म निघाला असता. नोकरी गेली की कफील मालक खलास म्हणतो, इकामा जातो, म्हणजे इथलं राहणंच जातं, आणि ओमची दहावी तोंडावर आहे. मी रिपोर्ट तसाच पाठवला. तुला लिहिलं, टीव्हीवर बघा.

एप्रिलमध्ये तू एक शब्द मागितलास. तोवर मला माहीत होतं की पोहणं जाणार. "जा" लिहायला किती वेळ लागतो? पण पोरगी उठून गेली आणि कोणी विचारलं, हिला कसं कळलं, तर? रोज म्हणायचो, उद्या लिहू. तीस तारखेला रात्री बारा वाजेपर्यंत फोन हातात घेऊन बसलो होतो. बारा वाजल्यावर मला बरं वाटलं. तेही सांगतो. बरं वाटलं.

कदाचित ती ओळ राहिली असती तरी काही बदललं नसतं. दोनशे बारा माणसांनी काय होतंय? कदाचित. पण ते आता कोणालाच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

माफ कर असं लिहिणार होतो. हात धजत नाही.

उन्मेष

* * *

खमीस मुशैत
११ जून २०२५

उन्मेष,

आशीर्वाद याही वेळी लिहिलेले नाहीत.

शिवांगी व्हिजिट व्हिसावर इथे आली आहे. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच आली. ते आलं तेव्हा माझा फोन तिच्या हातात होता. गच्चीवरच्या माकडांचे फोटो काढत होती, एकाने माझा दुपट्टा पळवला होता. पोरगी पहिल्यांदा हसत होती. मग हसायची थांबली. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर लावत, पुटपुटत तिने सगळं वाचलं. मी तिच्या तोंडूनच ऐकलं.

मला वाटलं, ती तुझ्या नावाने ओरडेल. पण तिने मला विचारलं, "मॉम, हाऊ मेनी?" मी म्हटलं, सव्वीस. ती म्हणाली, "फॉर मी?" आणि मग जी रडली, सदानंद गेला तेव्हाही इतकी रडली नव्हती. तीन वर्षं पोरीला वाटत होतं की आपल्याला कोणी बघत नाही.

मेच्या शेवटच्या शनिवारी तिला हॉलमध्ये घेऊन गेले. केरूने भजी केली. कोणी फोन उघडले नाहीत. सगळे नुसते तिच्याकडे बघत बसले आणि ती लाजत बसली. अबू अदनान रमजान ईदनंतर खंगले होते, ते बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी गेले. शेवटी आयसीयूत होते, त्यांना पोरगी भेटली नाही. त्यांच्या मुलाने मला सांगितलं, वालिद दर शनिवारी घरी जाऊन त्या हिंदुस्थानी मुलीचा नंबर कितवा ते सांगायचे. शेजारच्या पत्त्यावरचा तो एक फोन खरा होता, उन्मेष. मशीन लावलेल्या हातात होता.

नोकरीसाठी केलंस, ओमसाठी केलंस, ते मला कळतं. मीही याच देशात अठरा वर्षं इकाम्याच्या जिवावर काढली आहेत. तू घाबरलास याचा मला राग नाही. चोवीस मेला मी लिहिलं, दोष माझा. ते वाचून तू तीन रात्री झोपलास. तेवढं मला पचत नाही.

तुझ्या ऑफिसला मी काही कळवणार नाही. रेखाला, ओमला काही सांगणार नाही. ते तुझं तू बघ.

मागच्या पानावर नावं लिहिली आहेत. अफनान, लेबर रूम. शारीक, ॲम्ब्युलन्स. केरू, किचन. पाच फिलिपिनो सिस्टर, त्यांनी आपली नावं स्वतःच्या हाताने लिहिली आहेत. अबू अदनान, तीन नंबरची खुर्ची. अशी सगळी सव्वीस, शेवटचं माझं. कुठे पाठवू नकोस, कुठल्या तक्त्यात घालू नकोस. एकदा घरात बसून मोठ्याने वाच, ओमला ऐकू जाईल असं. मग खोडायचं असेल तर खोड.

या पत्राला उत्तर नको. दोन रात्रींनी नको आणि नंतरही नको.

विभावरी